क्विल्टेड बॅगेची चेन नागमोडी होते? उसवायच्या आधी लाट कोणाची ते बघा

संक्रांतीच्या वाणासाठी एका ताईंनी एकवीस पाऊच सांगितले होते. क्विल्ट केलेलं (म्हणजे मधे मऊ थर घालून रेघांनी शिवलेलं) सुती कापड, आत अस्तर, मागच्या बाजूला छोटा खिसा, वर नऊ इंची चेन. सोळा झाले तेव्हा मी ते जेवणाच्या टेबलावर ओळीने उभे केले आणि बघतच राहिले. एकाचीही चेन सरळ नव्हती. कुणाला मधोमध टेंगूळ, कुणाची दोन्ही टोकं उचललेली, आणि चार-पाचांची तर अशी की शेजारच्या वहिनी दारातूनच म्हणाल्या, "काऊन वो, चेन लावली का नाग बसवला?"

हे काही पहिल्यांदा झालं नव्हतं. बॅगा शिवायला लागल्यापासून ही चेन मला छळते. एखादी बॅग अगदी सपाट उतरते. तेच माप, तेच कापड, तोच दोरा घेऊन दुसऱ्या दिवशी बसावं तर पुन्हा लाट. कुणी सांगितलं पिना जास्त लावा. लावल्या. कुणी सांगितलं कच्चा टाका घाला. घातला. एक मैत्रीण म्हणाली चेन जरा ताणून धरायची, दुसरी म्हणाली चेनला हातसुद्धा लावू नकोस, मशीनला तिचं काम करू दे. दोघी माझ्यापेक्षा बऱ्या शिवतात. आणि दोघींचंही बरोबर होतं, फक्त वेगवेगळ्या बॅगांसाठी. हे कळायला मला सोळा पाऊच वाया घालवावे लागले, म्हणून इथे सविस्तर लिहिते आहे.

"चेनला लाट आली" असं आपण सरसकट म्हणतो, पण त्यात एकमेकांच्या उलट असे दोन दोष आहेत. एकात टिपेमध्ये चेन कापडापेक्षा जास्त गेलेली असते. दुसऱ्यात कापड चेनपेक्षा जास्त गेलेलं असतं. लांबून दोन्ही सारखेच दिसतात. पहिल्यावरचा इलाज दुसऱ्यावर केला की लाट कमी व्हायची सोडून वाढते.

तेव्हा बॅग सपाट जागी ठेवा, आत काही भरू नका, चेन पूर्ण बंद करा आणि तिच्या कडेने बोट फिरवा. चेन स्वतःच वर-खाली होते आहे आणि शेजारचं कापड मात्र ताणलेलं लागतंय, तर चेन जास्त आहे. चेन ताठ, किंबहुना कमानीसारखी आत ओढलेली, आणि तिच्या दोन्ही अंगांना कापडात बारीक बारीक चुण्या, तर कापड जास्त आहे. आता चेन पूर्ण उघडा. उघडल्यावर दोन्ही बाजू आपापल्या जागी गपगुमान सपाट पडल्या आणि बंद करताच मधे फुगवटा आला, तर टिपेत दोष नाही. दोन बाजू एकमेकींशी जुळलेल्या नाहीत, एक पुढे एक मागे आहे. हा तिसरा प्रकार.

मी वहीत मांडलं. सोळापैकी अकरांत चेन जास्त, तिघांत कापड जास्त, दोन तिसऱ्या प्रकारातले. अकरा हा आकडा बघून मात्र मला मशीनचा संशय आला.

मशीन नेमकं काय करतं

नागपूरच्या महाल भागात आमचे मशीन दुरुस्त करणारे काका आहेत. मी माझं काळं मशीन, म्हणजे नुसतं डोकं, पिशवीत घालून स्कूटरवर त्यांच्याकडे नेलं. त्यांनी सुई फिरवून पाहिली, बॉबीन केस काढून फुंकर मारली आणि म्हणाले, "मशीन बरोबर चालून राहिली ताई, कापडच पळून राहिलं."

मग त्यांनी माझ्याच क्विल्टच्या उरलेल्या तुकड्यातून दोन पट्ट्या कापल्या. दोन्ही बरोब्बर बारा इंच लांब, दोन इंच रुंद. एकीवर एक ठेवल्या, सुरुवातीची टोकं जुळवली आणि मला म्हणाले, पिन लावू नका, ओढू नका, ढकलू नका, नुसती सरळ टीप मारा. मारली. टीप संपली तेव्हा वरची पट्टी खालच्या पट्टीच्या पुढे तीन सूत बाहेर आलेली होती. बारा इंचांत तीन सूत! (ज्यांना सुताचा हिशोब सवयीचा नाही त्यांच्यासाठी, आठ सूत म्हणजे एक इंच.)

कारण साधं आहे. खालचे दाते खालच्या थराला पकडून मागे नेतात. वरचा पाय मात्र वरच्या थराला नुसता दाबून धरतो, नेत नाही. ब्लाउजच्या कापडात दोन्ही थर एकमेकांना चिकटून चालतात, फरक कळत नाही. मधे वॅडिंग (क्विल्टच्या आतला मऊ थर) किंवा फोम आला की वरचा थर पायापुढे फुगतो आणि पाय त्याला पुढे पुढे लोटत राहतो. म्हणजे एकाच टिपेत खालचा थर जास्त खपतो आणि वरचा उरतो.

आता हे चेनला लावून बघा. चेन खाली आणि क्विल्ट वर ठेवून टीप मारली तर चेन जास्त खपते, आणि लाट चेनला येते. चेन वर आणि क्विल्ट खाली असेल तर क्विल्ट जास्त खपतं, आणि चुण्या कापडाला पडतात. मला वाटत होतं की मी तर चेन नेहमी वरच ठेवते, मग अकरांत उलटं कसं? पहिली टीप मारताना मी खरंच क्विल्ट सुलट, त्यावर चेन उलटी, त्यावर अस्तर असं ठेवते. मग पुढच्या पाऊचला पहिल्या टिपेनंतर थांबून पाहिलं, तर चेन एकदम सपाट. लाट आली ती त्यानंतर. कापड उलटवून, चेनच्या कडेने जी वरची शोभेची टीप मारतो ना, तिने घात केला. त्या वेळी क्विल्टची चांगली बाजू वर असते आणि चेनची पट्टी अस्तराबरोबर खाली, दात्यांवर.

म्हणून माझा पहिला सल्ला असा की दोन टिपांच्या मधे थांबा आणि बघा. पहिल्या टिपेलाच वाकडं असेल तर पहिल्याच टिपेचं काहीतरी चुकलंय. नंतर वाकडं झालं असेल तर पहिली टीप उसवू नका, तिची काही चूक नाही.

दाब, टाका आणि खुणा

जुन्या काळ्या मशीनच्या डोक्यावर, पायाच्या दांडीच्या वर, हाताने फिरवायचा एक स्क्रू असतो. तो पायाचा दाब कमी-जास्त करतो. आपण वर्षानुवर्षं त्याला हात लावत नाही. माझ्या स्क्रूवर तर तेल आणि धुळीचा थर बसला होता. काकांनी तो दीड फेरा सैल केला आणि त्याच मापाच्या दोन नव्या पट्ट्या शिवायला लावल्या. या वेळी फरक अर्धा सूतसुद्धा नव्हता. तुमच्या मशीनला दीड फेरा चालेल की पाऊण, हे पट्ट्यांवरच ठरवा. फार सैल केला तर कापड जागेवरच घुटमळतं आणि टाके एकावर एक पडतात. आणि ब्लाउज शिवायला घेतलात की स्क्रू पुन्हा पहिल्या जागी आणायला विसरू नका. मी विसरले होते. त्याचा किस्सा वेगळा आहे, त्यात एक पैठणी आहे, तो आज नको.

टाका मोठा हवा. ब्लाउजच्या सवयीने आपण इंचाला बारा-तेरा टाके घालतो. क्विल्टला इंचात आठ पुरे. नवीन मशीनवर आकडे असतात, तिथे तीन मिलिमीटर ठेवा, तेवढंच होतं. टाके बारीक असले की तेवढ्याच लांबीत दाते जास्त वेळा ओढतात आणि पळापळ वाढते. सुई सोळा नंबर, पट्टा जोडताना अठरा. बोथट सुई जाड थरात टाके सोडते, आणि आपण उगाच टेन्शन फिरवत बसतो. मी दर तीन बॅगांना सुई बदलते, दहा रुपयांच्या सुईसाठी जीव काढत नाही.

टेन्शनचाच दोष आहे का, हे ओळखायची एक खूण आहे. चुणलेल्या टिपेचा प्रत्येक तिसरा टाका ब्लेडने तोडून बघा. तोडल्या तोडल्या कापड सैल होऊन सपाट पडलं तर दोरा घट्ट होता. तोडूनही चुणी तशीच राहिली तर दोऱ्याचा काही संबंध नाही, कापड खरंच जास्त गेलंय.

वॉकिंग फूटबद्दल सगळ्या विचारतात. त्या पायाला स्वतःचे दाते असतात, तो वरचा थरही खालच्याबरोबर मागे नेतो. क्विल्टिंगच्या लांब रेघांना उत्तम. चेनला मात्र मला तो आवडत नाही. रुंद असल्यामुळे चेनच्या दातांवर चढतो आणि टीप कडेपासून लांब जाते. तिथे चेनचा अर्धा पायच बरा.

पण या सगळ्यांतून एकच उपाय ठेवायचा झाला तर मी खुणा ठेवीन. चेनच्या पट्टीवर पेन्सिलने दर दोन इंचांवर रेघ, कापडाच्या कडेवरही दर दोन इंचांवर रेघ. शिवताना खूण खुणेला भेटली पाहिजे. नाही भेटली तर तिथेच थांबायचं, सुई आत ठेवून पाय उचलायचा, थर सोडायचा, पुन्हा जुळवायचा. पिना लावून हे होत नाही, कारण दोन पिनांच्या मधे झोळ साठतो आणि दुसऱ्या पिनेपाशी तो चुणी होऊन बसतो. खुणा डोळ्याला दिसतात, तीन सुतांचा फरक पडायच्या आत अर्ध्या सुतालाच कळतं.

आणि चेनच्या दोन्ही बाजू एकाच टोकाकडून शिवा. एक बाजू रनरकडून (जो सरकवून चेन उघडतो) आणि दुसरी शेपटीकडून शिवली, तर एकीचा उरलेला झोळ या टोकाला जातो, दुसरीचा त्या टोकाला. बॅग बंद केली की तोंड पिळवटतं आणि बाजूच्या टिपा समोरासमोर येत नाहीत. तिसऱ्या प्रकारातला माझा एक पाऊच असा बिघडला होता. दुसऱ्यात मी रोलच्या चेनवर रनर घालताना एक बाजू दोन दाते पुढे घातली होती. सुटी चेन बंद करून टोकं मिळवून बघितली असती तर तेव्हाच दिसलं असतं. आता शिवायच्या आधी प्रत्येक चेन तीनदा उघडते, तीनदा बंद करते.

कापड स्वतःच लांबतं

उरलेल्या तिघांचं, म्हणजे कापड जास्त गेलेल्यांचं, कारण मशीनमध्ये सापडेना. ते घरातच सापडलं. माझे सासरे एम्प्रेस मिलमध्ये होते. तीच मिल, जी जमशेटजी टाटांनी नागपुरात 1 जानेवारी 1877 ला सुरू केली. त्याच दिवशी व्हिक्टोरिया राणीला हिंदुस्थानची सम्राज्ञी जाहीर केलं गेलं, म्हणून नाव एम्प्रेस. बाबांना कापड दिसलं की हात शिवशिवतात. त्यांनी माझा एक कापलेला तुकडा उचलला, उभा ओढला, आडवा ओढला, मग कोपऱ्याकडून तिरपा ओढला आणि विचारलं, "चेन कोणत्या कडेला लावून राहिली तू?"

ताणा, म्हणजे उभे धागे, मागावर ताणलेले असतात, त्या दिशेने कापड फारसं वाढत नाही. बाण्याच्या, आडव्या धाग्यांच्या दिशेने थोडं वाढतं. आणि तिरपं, म्हणजे उरेब, रबरासारखं. मी कापड वाचवायच्या नादात तुकडे जसे बसतील तसे कापले होते. काहींची चेनची कड बाण्याच्या दिशेने आली, आणि एकाची चक्क थोडी तिरपी, कारण तो तुकडा कोपऱ्यातून काढलेला. अशी कड हातात धरताना, इस्त्री फिरवताना, नुसती मशीनपाशी वळवतानासुद्धा लांबते. चेनची पट्टी पॉलिएस्टरची, ती लांबत नाही. मग ज्यादा कापड जाणार कुठे? चुण्यांत.

त्यामुळे आता चेनची कड ताण्याला समांतर. कापड वाया गेलं तर जाऊ दे, त्यातून चेनच्या टोकांचे तुकडे निघतात. नक्षीच तशी असेल आणि आडवंच कापावं लागलं, तर कापल्याबरोबर कडेपासून एक सुतावर एक साधी टीप मारून घ्यायची. ती कडेला बांधून ठेवते. चौकटीच्या तिरप्या क्विल्टिंगला तर ती लागतेच.

चेन ताणून शिवायचा सल्ला याच ठिकाणी घात करतो. ताणून शिवलेली चेन सोडली की आखडते आणि आधीच जास्त असलेलं कापड आणखी गोळा होतं. ज्या मैत्रिणीने तो सल्ला दिला ती पातळ कॅनव्हासच्या बॅगा शिवते, तिला वॅडिंगचा त्रास नाही, चेनच तिच्याकडे सैल सुटते. तिच्यापुरतं तिचं खरं.

क्विल्ट केल्यावर कापा, आधी नाही

एक चूक मी दोन वर्षं केली. कागदी नमुना ठेवून कापड, वॅडिंग, अस्तर तिन्ही एकाच मापाचं कापायचं, मग क्विल्ट करायचं. प्रत्येक रेघ कापडाला थोडं आत ओढते. दीड इंचावर रेघा मारलेला माझा पंधरा इंचाचा तुकडा क्विल्ट झाल्यावर सव्वाचौदाला आला. ते चालेल हो, पण तो चारी बाजूंनी सारखा आला नव्हता. ज्या कडेकडे शेवटच्या रेघा संपल्या ती दोन सूत लांब होती, कारण सगळा झोळ तिकडे लोटला गेला होता. त्या कडेला चेन लावली की संपलं.

तुकडा दोन्ही बाजूंनी इंच-इंच मोठा घ्या. पहिली रेघ मधोमध, मग एक डावीकडे, एक उजवीकडे, आणि दर रेघेची दिशा बदला; एक वरून खाली, पुढची खालून वर. मग सपाट ठेवून, कोपरे काटकोनात बघून नेमक्या मापाला छाटा. अस्तर सगळ्यात शेवटी कापा, छाटलेल्या क्विल्टवर ठेवून. अस्तर अगदी एखादा सूत लहान असलं तरी चालतं, मोठं मात्र नको, नाहीतर बॅगेच्या आत ते पोटासारखं लोंबतं आणि नेमकं रनरमध्ये अडकतं.

धुतल्यावर आलेली लाट

यातून एक बॅग सहीसलामत गेली होती, शिवली तेव्हा चेन सपाट, मी स्वतः बोट फिरवून दिलेली. चैत्रात ती परत आली. ताई म्हणाल्या, "एकदाच धुतली हो!" चेन अशी उठलेली की जणू मी मुद्दाम शिवलीय.

सुती कापड पहिल्या धुण्यात आटतं. आत घातलेला सुती थरही आटतो. चेनची पट्टी आटत नाही. म्हणजे शिवताना जे बरोबर होतं ते धुतल्यावर चेनला जास्त झालं. यात मशीनचा, दाबाचा, खुणांचा काहीच दोष नाही, आणि हे उसवून नीट करेपर्यंत कितीही इस्त्री करा, जात नाही.

गांधीबागेतून कापड आणलं की आता मी ते कापायच्या आधी रात्रभर पाण्यात बुडवून ठेवते, सकाळी गच्चीवर टाकते. आपल्याकडच्या मे महिन्यात अर्ध्या तासात वाळतं, उलट लवकर उचलावं लागतं, नाहीतर रंग उडतो. वेगळ्या रंगाची कापडं वेगळ्या बादलीत. अस्तरही भिजवायचं, ते लोक विसरतात. मधल्या थराला मी बऱ्याचदा जुनी सोलापुरी चादर वापरते. ती इतक्या वेळा धुतलेली असते की तिच्यात आटायला काही उरलेलं नसतं. नवी चादर घेतलीत तर तीही भिजवा. पॉलिएस्टर वॅडिंग आटत नाही, पण मग बाहेरचं कापड आटून आतली वॅडिंग तशीच राहते आणि सगळी बॅग फुगीर, सुरकुतलेली दिसते. काहींना ती सुरकुती आवडते. आवडत असेल तर हरकत नाही, पण चेनला ती आवडत नाही.

खिशांचा यात काय संबंध

मला वाटायचं खिसे वेगळा विषय. पण तिसऱ्या प्रकारचा दोष बऱ्याच बॅगांत खिशातून येतो. मागच्या भागावर खिसा लावला की त्या भागावर दोन-तीन टिपा जास्त पडतात. त्या टिपा त्याला पुन्हा आत ओढतात. समोरचा भाग साडेदहा इंच, मागचा सव्वादहा. चेन दोघांना सारखीच लावायची म्हणता, तर एकीकडे बसते, दुसरीकडे फुगते. म्हणून नेमकं छाटायचं काम खिसे लावून झाल्यावरच. आधी खिसा, मग छाटणी, मग चेन. हा क्रम मी मशीनसमोरच्या भिंतीवर खडूने लिहून ठेवलाय.

आतला खिसा शक्यतो फक्त अस्तरावर लावा, क्विल्टपर्यंत टीप नेऊ नका. खिशाचं तोंड चेनच्या टिपेपासून निदान दोन इंच खाली ठेवा, नाहीतर हात आत घालताना रोज चेनच ओढली जाते. तोंडाच्या दोन्ही कोपऱ्यांत छोटा त्रिकोण शिवा. मोबाइल त्याच जागी उसवतो.

चेन असलेला खिडकीचा खिसा करताना आयताच्या कोपऱ्यांत चुण्या पडतात, ही वेगळी तक्रार मला वहिनींनी दाखवली. आयत अर्धा इंच उंच शिवायचा, मधोमध कापत जायचं, दोन्ही टोकांच्या अर्धा इंच अलीकडे थांबायचं आणि तिथून प्रत्येक कोपऱ्याकडे तिरपं कापायचं. चुण्या पडतात कारण आपण घाबरून कोपऱ्याच्या दोन सूत आधीच कात्री थांबवतो. टाक्याला अगदी एक धागा उरेपर्यंत कापायचं. टाका कापला गेला तर मात्र तिथे भोक पडतं, त्यावर उपाय नाही, एखादं कापडी फूल शिवून मोकळं व्हायचं.

टोकांची गाठ

चेनच्या टोकांना जिथे बाजूची टीप येते तिथे आठ-नऊ थर होतात आणि पाय तिथे चढताना तिरपा होतो. चेनचे दात कडेपासून अर्धा इंच अलीकडेच थांबवा आणि टोकाला कापडाचा दुमडलेला तुकडा जोडा. मायेतली, म्हणजे टिपेबाहेर उरलेल्या कडेतली, वॅडिंग टिपेच्या अगदी जवळ छाटून काढा. उंचवटा आला की पायाच्या मागे तेवढ्याच जाडीची कापडाची घडी सरकवा, पाय सपाट होतो. मी वर ओलसर फडकं ठेवून खलबत्त्याच्या बत्त्याने ती गाठ ठोकते. घरात सगळे हसतात. तिथे मशीन पायाने चालवू नका, चाक हाताने फिरवा. धातूची चेन असेल तर सुई मोडेलच, नायलॉनवरून हळू निघून जाते. आणि इस्त्री चेनच्या दातांवर थेट नको, नायलॉनचे दात वितळून एकमेकांना चिकटतात. मंद इस्त्री, मधे फडकं.

शिवून झालेल्या बॅगेचं काय

लाट थोडी असेल आणि चेनची असेल, तर फक्त वरची टीप उसवा. पहिली टीप तशीच राहू द्या. ओलं फडकं ठेवून मंद इस्त्री करा, पूर्ण थंड होऊ द्या, आणि वरची टीप मशीनवर न मारता हाताने घाला, उलटी टीप, दोन-दोन सुतांवर. हाताला दाते नसतात, पायही नसतो, त्यामुळे कुठलाच थर पळत नाही. नऊ इंचाच्या पाऊचला वीस मिनिटं लागतात. अकरापैकी नऊ पाऊच मी असेच वाचवले, रथसप्तमीच्या आदल्या रात्री साडेबारापर्यंत बसून.

कापड जास्त असेल तर वरच्या टिपेने काही होत नाही, दोन्ही टिपा उसवून खुणा करून पुन्हा लावायला लागतं. दोन बाजू जुळत नसतील तर एकच बाजू उसवा, जी कमी टाक्यांची असेल ती.

धुऊन आलेल्या बॅगेला जास्तीची चेन बाहेर काढावीच लागते. बाजूची टीप चेनपाशी इंचभर उघडायची, शेपटीकडचा कापडी तुकडा सोडवायचा, चेनच्या दोन्ही बाजू त्या टोकापासून रनरपर्यंत उसवायच्या, नव्या खुणा करायच्या आणि पुन्हा शिवायचं. शेवटी जे उरेल ते कापून टाकायचं. चैत्रातल्या त्या बॅगेतून अशी साडेतीन सूत चेन बाहेर आली. दीड तास गेला, अस्तरावर जुन्या सुईची भोकं राहिली ती राहिलीच.

परवा बुर्डीत त्या ताई भेटल्या. खांद्यावर तीच बॅग. त्या मुलीच्या लग्नाबद्दल सांगत होत्या आणि मी हो हो करत चेनवरून बोट फिरवून पाहिलं. रनरच्या टोकाला अर्धा सूत अजून उचललेली आहे.